हबर्ड ब्रूकचा शुगर मेपल: मातीतलं कॅल्शियम परत दिल्यावर काय झालं

ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, व्हाइट माउंटन्सच्या एका उतारावर हेलिकॉप्टरमधून खनिजाच्या बारीक गोळ्या टाकल्या गेल्या. क्षेत्र ११.८ हेक्टर, गोळ्यांचं वजन चाळीस टनांच्या आसपास. खनिज होतं वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट. हेक्टरी सुमारे एक टन कॅल्शियम जमिनीवर पडलं. आम्ल पावसानं काही दशकांत त्या मातीतून जेवढं कॅल्शियम धुऊन नेलं असावं, अंदाजानं तेवढं तिला परत करायचं आणि मग जंगल काय करतं ते वर्षानुवर्षं मोजत राहायचं, असा हा बेत होता.

शुगर मेपल समजून घ्यायचा तर मी याच प्रकरणापासून सुरुवात करतो. या झाडाची शरीररचना, त्याच्या मुळांवरची बुरशी, शेजारच्या झाडांशी त्याची चढाओढ, सगळं इथे एकाच उतारावर तपासलं गेलं आहे. शिवाय निकाल एकाच बाजूचा नाही. झाड सुधारलं हे नक्की. पण जंगल आम्ल पावसाच्या आधी जिथे होतं तिथे परत गेलं नाही, ते तिसऱ्याच ठिकाणी पोहोचलं.

जागा आणि झाड

हबर्ड ब्रूक हे अमेरिकन वनखात्याचं प्रायोगिक जंगल १९५५ मध्ये सुरू झालं. बॉस्टन किंवा न्यू जर्सीकडची मराठी मंडळी ऑक्टोबरात 'फॉल कलर्स' बघायला कॅन्कामॅगस हायवेवर गाडी काढतात, तिथून हे जंगल फार लांब नाही. त्या डोंगरांवर जो केशरी-लाल रंग पेटलेला दिसतो, त्यातला मोठा वाटा शुगर मेपलचा असतो. वनस्पतिशास्त्रात हा एसर सॅकॅरम, आणि त्याचं कूळ सॅपिंडेसी. आपला रिठा आणि सह्याद्रीतला कोशिंब हेही याच कुळातले. कोशिंबाची कोवळी पालवी लाल असते, मेपलची पानं गळण्याआधी लाल होतात.

हा सावकाश वाढणारा, सावली सोसणारा वृक्ष आहे. तीनशे वर्षं सहज जगतो. त्याचं रोपटं मोठ्या झाडांच्या दाट सावलीत दशकानुदशकं गुडघ्याएवढं राहू शकतं आणि वरचं एखादं झाड कोसळून उजेड आला की उसळी घेतं. त्याच्या पंखवाल्या जोडबिया शरद ऋतूत गळतात आणि हिवाळाभर ओल्या पालापाचोळ्यात, बर्फाखाली गारठत पडून राहतात. रुजायला त्यांना सगळ्यात मानवतं ते तापमान १ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. उत्तर अमेरिकेतल्या जंगली झाडांत एवढ्या थंडीत रुजणारं बी दुसरं नाही. त्यामुळे बर्फ वितळता वितळताच रोपटी वर येतात आणि वरच्या छत्राला पालवी फुटण्याआधीचा थोडा उजेड पदरात पाडून घेतात. बी मात्र दरवर्षी सारखं धरत नाही. दोन-चार वर्षांनी एखादं भरघोस बियांचं वर्ष येतं आणि पुढच्या वसंतात जमीन रोपट्यांनी हिरवी होते. पुढच्या पिढीचं जे व्हायचं ते त्या दोन-तीन वसंतांत ठरतं.

साखरेचंही सांगायला हवं. उन्हाळ्यात पानांनी केलेलं अन्न खोडाच्या जिवंत पेशींत पिठूळ पदार्थाच्या रूपात साठतं आणि थंडीत त्याची साखर होते. मार्चच्या सुमाराला रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्यावर जायला लागलं की खोडात दाब तयार होतो. मेपलच्या लाकडातले तंतू बहुतेक झाडांसारखे पाण्यानं भरलेले नसतात, त्यांत वायू असतो. रात्री तिथे बर्फ धरतो, वायू आवळला जातो आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. सकाळी बर्फ सुटतो, वायू पसरतो आणि खोडाला पाडलेल्या भोकातून रस ठिबकायला लागतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर पाक मिळतो. आटवताना कढईच्या तळाशी वाळूसारखा किरकिरीत साका बसतो, तो गाळून काढावा लागतो. ही वाळू मुख्यतः कॅल्शियम मॅलेट असते. मातीतून मुळांत, मुळांतून खोडात आणि खोडातून रसात आलेलं कॅल्शियम तिथे बोटाला लागतं.

या झाडाला कॅल्शियमची गरज मोठी. पेशींच्या भिंती जोडणं, पेशीपटल शाबूत ठेवणं, थंडी किंवा किडीचा धोका आला की पेशीला इशारा पोहोचवणं, जखम भरून काढणं, सगळीकडे ते लागतं. आणि मेपल घेतो तसं परतही करतो. त्याचा पाला कॅल्शियमनं भरलेला आणि लवकर कुजणारा असतो. खोलवरून वर आणलेलं कॅल्शियम तो दर पानगळीत वरच्या थरात टाकतो. त्याचा शेजारी अमेरिकन बीच याच्या उलट. त्याची पानं चिवट, सावकाश कुजणारी आणि आम्लता वाढवणारी. म्हणजे मेपल अशक्त झाला की वरच्या थराला मिळणारं कॅल्शियमही घटतं, माती बीचला सोयीची होते आणि मेपल आणखी मागे पडतो. मला या प्रकरणातली कळीची गाठ हीच वाटते. माती झाड घडवते, हे आपण नेहमी म्हणतो. इथे झाडही माती घडवत असतं, आणि घसरण सुरू झाली की दोघं एकमेकांना खाली ओढतात.

तोटा कसा सापडला

हर्बर्ट बोरमन, जीन लायकेन्स, नॉय जॉन्सन आणि रॉबर्ट पियर्स यांनी १९६३ मध्ये इथे एक साधी पण जबर कल्पना राबवायला घेतली. या उतारांखालचा खडक जवळजवळ पाणी न झिरपणारा आहे. त्यामुळे एका ओढ्याच्या पाणलोटात पडलेलं पाणी एक तर झाडांतून आणि जमिनीतून हवेत जातं, नाही तर ओढ्यातून खाली येतं. ओढ्याच्या तोंडाशी व्ही आकाराची खाच असलेला काँक्रीटचा बंधारा बांधला की पाणी मोजता येतं. पावसातलं आणि ओढ्यातलं पाणी दर आठवड्याला तपासलं की प्रत्येक मूलद्रव्याचा जमाखर्च मांडता येतो. हा जमाखर्च तिथे आजही चालू आहे.

पहिल्याच नोंदींत पावसाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं पाणी आंबट) ४ च्या आसपास निघाला. स्वच्छ हवेतल्या पावसाचा साधारण ५.६ धरतात. उद्योगांपासून एवढ्या लांब हा आंबटपणा कुठून आला? ओहायो खोऱ्यातली आणि मध्य-पश्चिमेकडची कोळशाची वीजकेंद्रं उंच धुराड्यांतून गंधकाचा धूर सोडत होती, तो वाऱ्यावर शेकडो किलोमीटर येऊन पावसात उतरत होता. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन त्यात भर घालत होता. लायकेन्स, बोरमन आणि जॉन्सन यांनी १९७२ मध्ये हे जाहीरपणे मांडलं आणि आम्ल पाऊस हा अमेरिकेत सार्वजनिक प्रश्न झाला. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि त्यातल्या १९९० च्या दुरुस्त्यांनी गंधक बरंच कमी केलं.

इथवरची गोष्ट कायद्याच्या यशाची आहे. अपेक्षा अशी होती की पावसातलं गंधक उतरलं की ओढेही सुधारतील. तसं झालं नाही. लायकेन्स, ड्रिस्कॉल आणि बुसो यांनी १९९६ मध्ये तीन दशकांच्या नोंदी समोर ठेवून दाखवलं की ओढ्याचं पाणी अपेक्षेपेक्षा फार हळू सावरतंय. कारण मातीनं आम्ल निष्प्रभ करताना आपलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खर्च केलं होतं. मातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियम आम्लातल्या हायड्रोजननं हुसकलं आणि सल्फेट-नायट्रेटच्या सोबतीनं ते ओढ्यातून वाहून गेलं. खडक झिजून नवं कॅल्शियम येतं, पण या ग्रॅनाइटी मातीत ते फार संथपणे. हिमनद्या इथून हटल्याला जेमतेम १४,००० वर्षं झाली. माती पातळ, आणि तिच्यात कॅल्शियम मुळातच कमी.

कोकणात जांभ्यावर शेती करणाऱ्याला हे पटकन उमजेल. तीन हजार मिलिमीटर पावसात मातीतला चुना धुपतो, सामू उतरतो आणि मग शेतात चुना टाकावा लागतो. फरक एवढाच की कोकणात हे पावसानं हजारो वर्षांत केलं, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये माणसानं ते काही दशकांत घडवलं.

कॅल्शियम गेल्यानंतरचं संकट दुहेरी असतं. सामू घसरला की मातीत एरवी बांधलेलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांच्या टोकांशी कॅल्शियमची वाट अडवतं. मॅंगनीजही पानांत नको तेवढं साठायला लागतं. १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या ॲलेगेनी पठारावर आणि क्वेबेकमध्ये शुगर मेपलची छत्रं विरळ होऊ लागली, शेंडे वाळू लागले. दुष्काळ, पानं खाणाऱ्या अळ्या, कडाक्याचे हिवाळे, प्रत्येकावर बोट ठेवलं गेलं. पण तीच अळी, तोच दुष्काळ चांगल्या मातीतल्या मेपलनं पचवला आणि गरीब मातीतला मेपल खचला. हबर्ड ब्रूकमध्येही साधारण १९८२ नंतर जंगलाचं एकूण वजन वाढायचं जवळजवळ थांबलं होतं. कॅल्शियमवर संशय होता. पण संशय आणि पुरावा यांत अंतर असतं, आणि म्हणून हेलिकॉप्टर.

प्रयोग

चुनखडीऐवजी वोलॅस्टोनाइट निवडण्यामागे विचार होता. साधा चुना पटकन विरघळतो आणि मातीचा सामू झपाट्यानं चढवतो. सिलिकेट सावकाश झिजतं, खडकातून नैसर्गिकपणे कॅल्शियम सुटतं त्याच्या जवळ जाणारी ही प्रक्रिया आहे. खनिज अगदी बारीक दळून, पाण्यात विरघळणाऱ्या बाइंडरनं त्याच्या गोळ्या केल्या होत्या, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही आणि पहिल्या पावसात फुटून पसरेल. आणखी एक मोठी सोय: कॅल्शियमच्या सोबतीनं झाडात जाणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं (समस्थानिकांचं) या खनिजातलं प्रमाण स्थानिक मातीतल्यापेक्षा वेगळं होतं. त्यामुळे पुढे पानात किंवा ओढ्यात सापडलेलं कॅल्शियम जुनं की टाकलेलं, हे ओळखता येत होतं. उतारावरचं हे क्षेत्र 'पाणलोट १', आणि तुलनेसाठी हात न लावलेलं 'पाणलोट ६'.

पहिल्या सहा वर्षांचा मेपलचा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत्रातली पानं हाती यायला अशा जंगलात छऱ्याच्या बंदुकीनं फांद्या पाडायची पद्धत आहे. पानांतलं कॅल्शियम ठळकपणे वाढलं होतं, मॅंगनीज उतरलं होतं. २००५ पर्यंत पाणलोट १ मधली मेपलची छत्रं पाणलोट ६ पेक्षा बरीच निरोगी होती.

माझं लक्ष मात्र खाली, रोपट्यांकडे जास्त जातं. २००० आणि २००२ ही भरघोस बियांची वर्षं ठरली. दोन्हींच्या पुढच्या वसंतात पाणलोट १ मध्ये रोपटी जास्त दाट उगवली. २००३ ची रोपटी शेजारच्यांपेक्षा जवळजवळ निम्म्यानं मोठी होती, पानांत हरितद्रव्य अधिक. जुलै २००५ पर्यंत त्यांतली ३६.६ टक्के तगली. पाणलोट ६ मध्ये तगली १०.२ टक्के.

आणि मुळं. शुगर मेपलची तंतुमुळं एका प्रकारच्या बुरशीला आत घर देतात, बदल्यात ती बुरशी दूरवरच्या मातीतून स्फुरद आणि पाणी आणून देते. मुळं धुऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मुळाच्या पेशीत झाडासारखे फाटे फुटलेले बुरशीचे धागे दिसतात. कॅल्शियम मिळालेल्या रोपट्यांच्या मुळांच्या २२.४ टक्के लांबीवर बुरशी होती, न मिळालेल्यांच्या ४.४ टक्के. मोठ्या झाडांतही फरक होता, ५६ विरुद्ध ३५. या आकड्यापाशी मी दरवेळी थांबतो. कॅल्शियमची उपासमार म्हणताना आपण एका मूलद्रव्याचा विचार करतो. प्रत्यक्षात त्या रोपट्याची स्फुरद आणणारी साथही तुटलेली असते. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, थेट कॅल्शियम की कमी झालेलं मॅंगनीज-ॲल्युमिनियम की परत आलेली बुरशी, हे संशोधकांनी वेगळं काढलेलं नाही आणि तसं स्पष्ट लिहिलंही आहे.

इतर झाडांवरही परिणाम दिसला. २००३ च्या कडक हिवाळ्यात परिसरातल्या रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची पानं करपली, कॅल्शियम मिळालेल्या स्प्रूसची स्पष्टपणे कमी. जंगलातल्याच दुसऱ्या, छोट्या प्रयोगात जानेवारी १९९८ च्या बर्फवादळात मोडलेल्या मेपलच्या जखमा कॅल्शियम दिलेल्या जागी लवकर भरल्या. दरवर्षी खोडाला भोक पाडून रस घेणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. प्रयोगाला दीड दशक होत आलं तेव्हाचा हिशेब असा की पाणलोट १ च्या झाडांनी शेजारच्या जागेपेक्षा २१ टक्के जास्त लाकूड आणि ११ टक्के जास्त पानं केली.

जे कुणी मागितलं नव्हतं

इथे प्रकरण संपलं असतं तर तो सरळ उपचार झाला असता. पण बंधारे मोजतच होते.

पहिली गोष्ट पाण्याची. कॅल्शियम टाकल्यानंतरच्या तीन वर्षांत पाणलोट १ मधून हवेत जाणारं पाणी अनुक्रमे २५, १८ आणि १९ टक्क्यांनी वाढलं. झाडं तरतरीत झाली, जास्त पाणी प्यायली, ओढा तेवढा आटला. नंतर हे पूर्ववत झालं. मातीतल्या एका खनिजानं आख्ख्या ओढ्याचं पाणी हलवावं, हे १९९९ मध्ये फारसं कुणाच्या डोक्यात नसावं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. उपचारानंतर दशकभरानं पाणलोट १ च्या ओढ्यातून नायट्रेट वाहायला लागलं, पाणलोट ६ पेक्षा कित्येक पट जास्त. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं: नत्र साठवणारं जंगल नत्र गमावणारं झालं होतं. आम्ल मातीत कुजण्याची क्रिया मंद असते, म्हणून दशकानुदशकं पालापाचोळ्याचा जाड काळा थर साचत गेला होता. सामू चढला, सूक्ष्मजीव जागे झाले आणि त्यांनी तो थर खायला घेतला. मातीच्या मोजणीतही या सेंद्रिय थरातलं कार्बन आणि नत्र घटलेलं आढळलं. म्हणजे झाडांत कार्बन वाढत असताना जमिनीतून तो निसटत होता. आम्ल पावसानं एका अर्थी जो साठा गोठवून ठेवला होता, तो उपचारानं मोकळा केला.

एक आक्षेप इथे घ्यायलाच हवा. हा एकच पाणलोट आहे. एवढ्या मोठ्या प्रयोगाची दुसरी प्रत नाही, त्यामुळे 'शेजारच्यापेक्षा जास्त' या प्रत्येक वाक्याला उतार, उंची आणि आधीची झाडं यांच्या फरकाची मर्यादा आहे. तरीही दिशेबद्दल मला शंका वाटत नाही, कारण वेगळ्या जागी, वेगळ्या खनिजानं तसंच झालं. पेनसिल्व्हेनियात १९८५ मध्ये हेक्टरी २२.४ टन डोलोमाइट चुना टाकला होता, ही मात्रा हबर्ड ब्रूकच्या कितीतरी पट. तिथेही शुगर मेपल सावरला. पण त्याच वाफ्यांत ब्लॅक चेरी मागे पडली, आणि बीचला त्याचं सोयरसुतक नव्हतं. जंगलात चुना टाकणं म्हणजे कोणत्या झाडाला पुढे काढायचं हे ठरवणंच असतं, मग टाकणाऱ्यानं ते मनाशी कबूल केलेलं असो वा नसो.

आता या सगळ्यावर बर्फाचा प्रश्न आला आहे. हबर्ड ब्रूकमध्येच काही वाफ्यांवरचा बर्फ हिवाळ्याच्या सुरुवातीला उपसून टाकून पाहिला. पांघरूण गेल्यावर माती खोलवर गोठली, मुळं दुखावली आणि पहिल्या दोन वर्षांत शुगर मेपलची वाढ सुमारे ४० टक्क्यांनी घटली. हिवाळे उबदार होतील तसा या जंगलातला बर्फ कमी होईल, म्हणजे हवा तापत असताना मेपलच्या मुळांना उलट जास्त गारठा सोसावा लागेल. हे दुखणं कॅल्शियमनं बरं होणारं नाही. पण दुखावलेलं मूळ परत वाढवायला कॅल्शियम लागतंच.

म्हणून एखाद्या मेपलबागेचा मालक चुना टाकू का असं विचारतो, तेव्हा आधी त्याच्या झाडांची पानं तपासायला हवीत: उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, छत्राच्या वरच्या उन्हातली, निरोगी आणि वाळत चाललेल्या झाडांची वेगवेगळी. कॅल्शियम कमी आणि मॅंगनीज चढलेलं असेल, तर चुन्याला अर्थ आहे. मग मात्रा हबर्ड ब्रूकसारखी हलकी ठेवायची, एका बाजूचा पट्टा मुद्दाम कोरा सोडायचा, आणि बागेखालून ओढा जात असेल तर त्यातलं नायट्रेट टाकण्याआधीपासून मोजायला लागायचं, निदान दहा-पंधरा वर्षं. छत्राचा फरक पाच-सहा वर्षांत डोळ्यांना दिसेल. ओढ्यातला दिसायला हबर्ड ब्रूकमध्ये दशक लागलं.